रिप्लेमधून फ्रॅग मूव्ही करायचीय? सॉफ्टवेअरचं नाव नंतर, आधी रिप्ले बघा

फ्रॅग मूव्ही म्हणजे गेममधल्या आपल्या भारी किलचा व्हिडिओ. त्याच्या रेकॉर्डिंगला बेस्ट सॉफ्टवेअर कोणतं हे दहा जणांना विचारलं तर बारा नावं मिळतात, आणि गंमत म्हणजे प्रत्येकजण आपापल्या जागी बरोबर असतो. एकजण पबजीचा रिप्ले स्क्रीनवर चालवून रेकॉर्ड करत असतो, दुसरा काउंटर-स्ट्राइकच्या डेमोतून एकेक फ्रेम वेगळी काढत बसलेला असतो, आणि तिसऱ्याला फक्त कालचा क्लच, म्हणजे एकट्याने खेचून आणलेला राउंड, मित्रांना पाठवायचा असतो, बास. या तिघांना एकच नाव सुचवायचं म्हणजे काय दुखतंय ते न विचारता गोळी देण्यासारखं झालं. म्हणून मी उलट्या बाजूनं सुरू करतो, आधी तुमच्याकडे रिप्ले कसला आहे ते बघू, मग सॉफ्टवेअर जवळजवळ आपोआप ठरतं.

रिप्लेमध्ये नक्की असतं काय

रिप्ले किंवा डेमो फाइलमध्ये चित्रं नसतात, हे डोक्यात पक्कं बसवा कारण पुढचं सगळं यावरच उभं आहे. त्यात असते नुसती नोंद, कोण कुठे उभा होता, कुठे बघत होता, कधी गोळी झाडली. ती फाइल चालवली की गेम तो सामना नव्याने काढून दाखवतो. १९९६ च्या क्वेकमध्ये डेमो होते तेव्हापासून कल्पना हीच आहे. म्हणून तर अख्ख्या सामन्याची फाइल काही एमबीची किंवा फार तर काहीशे एमबीची असते, तेवढ्याच वेळाचा चांगला व्हिडिओ सहज दहा-पंधरा जीबी खातो.

यातून तीन गोष्टी निघतात. एक, सामना लो सेटिंगवर खेळलात तरी व्हिडिओ हाय सेटिंगवर, मोठ्या रिझोल्युशनला काढता येतो, एचयूडी (स्क्रीनवरचे आकडे, नकाशा वगैरे) बंद करता येतो, कॅमेरा हलवता येतो. दोन, फाइल उघडायला तोच गेम लागतो आणि बऱ्याचदा त्याचं तेच व्हर्जन लागतं. आणि तीन, जी बरेच जण विसरतात, रेकॉर्ड करताना गेम खऱ्या वेगाने चालायची गरजच नसते. आता तुम्ही खेळत नाहीये ना! पीसीने एका सेकंदाचं चित्र काढायला वीस सेकंद घेतले तरी कुणाचं काही बिघडत नाही. ही तिसरी गोष्ट कळली की साध्या पीसीवरूनही एकदम मख्खन व्हिडिओ निघतो.

पायरी १: तुमचा रिप्ले कुठल्या जातीचा

पहिली जात कन्सोलवाल्या डेमोंची. कन्सोल म्हणजे इथे प्लेस्टेशन नव्हे, गेममधली कमांड टाइप करायची खिडकी. काउंटर-स्ट्राइक, टीम फोर्ट्रेस २ वगैरे. इथे डेमो ही तुमच्या डिस्कवरची डॉट डीईएम फाइल असते, कन्सोलमधून प्ले-डेमो कमांडने चालते, टिकच्या (डेमोतल्या एकेका क्षणाच्या नोंदीच्या) नंबरावर उडी मारता येते, वेग कमीजास्त करता येतो. सगळ्यात जास्त मोकळीक इथेच.

दुसरी जात म्हणजे गेमच्या आतला रिप्ले प्लेयर. पबजी, फोर्टनाइट, रेनबो सिक्स सीज, आणि २०२५ पासून पीसीवर व्हॅलोरंटसुद्धा. बघता येतं, बहुतेकांत वेग कमी करता येतो, काहींमध्ये ड्रोन कॅमेरा फिरवता येतो, पण फ्रेम बाहेर काढायची सोय नसते. इथे स्क्रीन रेकॉर्ड करण्यावाचून गत्यंतर नाही.

ओव्हरवॉचची वेगळीच तऱ्हा, तिथे हायलाइट गेमच्या आतूनच व्हिडिओ फाइल म्हणून काढता येतो, रिझोल्युशन, फ्रेमरेट निवडून. तेवढ्यावर भागत असेल तर हा लेख इथेच सोडा आणि कामाला लागा. आणि एपेक्स लेजंड्ससारख्या गेममध्ये रिप्लेच नाही, तिथे खेळतानाच रेकॉर्डिंग चालू असलं पाहिजे, गेलं ते गेलं.

आता एक्सपायरीचं. रिप्ले नाशवंत माल आहे राव. गेमचा अपडेट आला की जुने रिप्ले उघडतीलच याची खात्री नाही, काही गेममध्ये तर पॅच बदलला की रिप्ले बाद हा नियमच आहे. सीएस:गोचे, म्हणजे आधीच्या काउंटर-स्ट्राइकचे, डेमो काउंटर-स्ट्राइक २ मध्ये चालत नाहीत, त्यासाठी स्टीमवरून जुनं सीएस:गोच उतरवावं लागतं. मी एका गेमचे पाच-सहा महिन्यांचे रिप्ले जपून ठेवले होते, की दिवाळीच्या सुट्टीत एकदम बसून एकच भारी मूव्ही करू, आणि सुट्टीच्या आदल्या आठवड्यात मोठा अपडेट आला. एकही उघडला नाही. यादीत नावं दिसायची, क्लिक केलं की एरर. तेव्हापासून नियम असा की चांगला राउंड झाला की त्याच आठवड्यात काढून ठेवायचा, एडिटिंग पुढच्या वर्षी का होईना.

डेमो साठवताना फाइलला नाव नीट द्या. तारीख, मॅप, राउंड आणि टिक नंबर. "भारी१", "भारी२फायनल" अशी नावं दिली की महिन्याभराने तासतास डेमो पुढेमागे करत बसावं लागतं.

पायरी २: दोन रस्ते, एक निवडा

पहिला रस्ता स्क्रीन कॅप्चरचा. रिप्ले चालू करायचा आणि स्क्रीनवर जे दिसतं ते दुसरं सॉफ्टवेअर टिपतं. सोपा, सगळ्या गेमना चालतो, पण पीसी अडखळला तर व्हिडिओही अडखळतो.

दुसरा रस्ता फ्रेम-बाय-फ्रेम रेंडरचा. गेमला सांगायचं की बाबा घाई नाही, प्रत्येक फ्रेम पूर्ण काढ, डिस्कवर लिही, मग पुढची काढ. स्क्रीनवर गेम गोगलगायीसारखा चालतो पण निघालेला व्हिडिओ एकदम स्थिर, एकही फ्रेम गळत नाही. हा रस्ता पहिल्या जातीलाच उघडा आहे.

माझं मत विचाराल तर, एखाददुसरी क्लिप टाकायची असेल तर पहिला रस्ता भरपूर झाला. तीन-चार मिनिटांची गाण्यावर कापलेली, ब्लर आणि कॅमेरा हालचालींची मूव्ही करायची असेल आणि गेम काउंटर-स्ट्राइक असेल, तर दुसरा रस्ता शिकायला एक वीकेंड घाला, नंतर परत मागे याल असं वाटत नाही.

पायरी ३: स्क्रीन कॅप्चरसाठी काय घ्यायचं

ओबीएस स्टुडिओ. फुकट, ओपन सोर्स, वॉटरमार्क नाही, वेळेची मर्यादा नाही. पहिल्यांदा उघडल्यावर विमानाच्या कॉकपिटमध्ये बसल्यासारखं वाटतं हे खरंय, पण त्यातली पाच-सहा बटणंच आपल्या कामाची आहेत.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. एनव्हीडियाचं कार्ड असेल तर एनव्हीडिया अ‍ॅपमधलं इन्स्टंट रिप्ले, ज्याला लोक अजून शॅडोप्लेच म्हणतात, आल्ट आणि एफ१० दाबलं की मागची काही मिनिटं सेव्ह. एएमडीवाल्यांना अ‍ॅड्रेनलिनमध्ये तशीच सोय आहे. विंडोजमधला गेम बार, विंडोज-आल्ट-जी दाबलं की मागचे ३० सेकंद सेव्ह होतात, मात्र मागचं रेकॉर्डिंग सेटिंगमध्ये आधी चालू करून ठेवावं लागतं, आणि क्वालिटी हातात फारशी नाही. स्टीमचं स्वतःचं गेम रेकॉर्डिंग २०२४ मध्ये आलं, मागे चालू राहतं, काही गेममध्ये किल कुठे झाला त्याच्या खुणा टाइमलाइनवर आपोआप येतात. हे सगळे खेळता खेळता पकडायला मस्त आहेत, रिप्लेच्या कामात मी त्यांचा उपयोग वहीसारखा करतो, म्हणजे कुठला राउंड चांगला होता ते आठवायला. फायनल फुटेज मात्र ओबीएसमधून.

फ्रॅप्सचं नाव अजून कुणीतरी काढतंच. २०१३ नंतर त्याचं नवं व्हर्जन आलेलं नाही, फुकट व्हर्जनमध्ये ३० सेकंदांची मर्यादा आणि वर वॉटरमार्क. आठवणी म्हणून छान, कामासाठी नको. कुठलंही पैसे मागणारं रेकॉर्डर घ्यायच्या आधी तीन गोष्टी तपासा: फुकट व्हर्जन वॉटरमार्क मारतं का, वेळेची मर्यादा आहे का, आणि बिटरेट (एका सेकंदाच्या व्हिडिओला किती डेटा) किंवा क्वालिटी स्वतः ठरवता येते का. तिसऱ्याचं उत्तर नाही आलं तर कितीही सुंदर दिसू दे, सोडून द्या.

ओबीएसची सेटिंग मी अशी ठेवतो. आउटपुटमध्ये सिंपल काढून अ‍ॅडव्हान्स्ड करा, रेकॉर्डिंगचा टॅब उघडा. एन्कोडर (चित्रं दाबून व्हिडिओ बनवणारा भाग) ग्राफिक्स कार्डाचा घ्या, म्हणजे एनव्हीडिया असेल तर एनव्हेंक, प्रोसेसरवर भार टाकू नका कारण गेमलाही तोच लागतो. रेट कंट्रोल सीक्यूपी, आकडा १६ ते २० च्या मध्ये, आकडा जितका लहान तितकी क्वालिटी चांगली आणि फाइल मोठी. लोक इथे स्ट्रीमिंगचा ६००० चा बिटरेट तसाच ठेवून देतात आणि मग स्मोक (धुराचा बॉम्ब) फुटला की चौकोन चौकोन का दिसतात म्हणून डोकं धरून बसतात. फॉरमॅट एमकेव्ही, कारण मध्येच पीसी बंद पडला तरी फाइल वाचते, साधी एमपी४ अर्धवट राहिली तर उघडत नाही. नंतर फाइल मेनूतल्या रीमक्सने एमपी४ करून घ्या, क्वालिटी जात नाही, काही सेकंदांचं काम आहे.

सोर्स म्हणून गेम कॅप्चर. काळी स्क्रीन आली तर विंडो कॅप्चर करून बघा, त्यात विंडोज १० ची पद्धत निवडायचा पर्याय आहे, बहुतेक वेळा तिढा तिथे सुटतो. गेमच्या आवाजाला एक ट्रॅक, माइकला दुसरा, नाहीतर भारी किलच्या मागे आईची हाक कायमची रेकॉर्ड होऊन बसते.

आता अडखळण्याचं, कारण नव्वद टक्के रडगाणं याचंच असतं. गेम २३७ एफपीएसवर, म्हणजे सेकंदाला २३७ फ्रेमवर, चाललाय आणि ओबीएस ६० वर टिपतंय, तर उचललेल्या फ्रेममधलं अंतर कमीजास्त होतं आणि हालचाल किंचित झटके मारते. म्हणून रिप्ले चालवताना गेमचा एफपीएस ६० च्या पटीत बांधून टाका, ६०, १२०, १८०. दुसरं, ग्राफिक्स कार्ड ९९ टक्क्यांवर असेल तर ओबीएसला स्वतःचं चित्र जुळवायला जागाच उरत नाही. एफपीएस बांधला की हेही सुटतं, नाहीच सुटलं तर ओबीएस अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवून बघा. ओबीएसमध्ये स्टॅट्सची खिडकी आहे ती उघडी ठेवा: रेंडरिंग लॅगचा आकडा वाढतोय तर कार्ड दमलंय, गेमची सेटिंग खाली आणा. एन्कोडिंग लॅगचा वाढतोय तर एन्कोडर दमलाय, त्याचा प्रीसेट हलका करा. एफपीएस बांधलेला आणि दोन्ही शून्य असूनही व्हिडिओ झटके मारतोय तर मूळ रिप्लेतच झटके आहेत, तिथे ओबीएस बिचारं काय करणार.

कमजोर पीसीवाल्यांसाठी माझी आवडती युक्ती

रिप्लेचा वेग पाव करा, म्हणजे ०.२५, आणि ६० एफपीएसवर रेकॉर्ड करा. आता तुमच्याकडे एका खऱ्या सेकंदाचं फुटेज चार सेकंदांचं आहे, म्हणजे खऱ्या सेकंदाला २४० फ्रेम. स्लो मोशन हवं असेल तर तसंच वापरा, सॉफ्टवेअरला मधल्या फ्रेम कल्पनेने भराव्या लागत नाहीत त्यामुळे कडा स्वच्छ राहतात. नेहमीचा वेग हवा असेल तर एडिटरमध्ये ४०० टक्के वेग द्या आणि फ्रेम ब्लेंडिंग चालू करा, चार-चार फ्रेम एकमेकींत मिसळून थोडा मोशन ब्लर (हालचालीचा धूसरपणा) फुकटात मिळतो. आवाज मात्र पाव वेगात भुतासारखा येतो, म्हणून एक टेक नेहमीच्या वेगात फक्त आवाजासाठी घ्या आणि पहिल्या गोळीच्या आवाजावर जुळवा. वेग कमी करता येणाऱ्या कुठल्याही रिप्लेमध्ये हे चालतं.

पायरी ४: फ्रेम-बाय-फ्रेम रेंडर

सोर्स नावाच्या गेम इंजिनवरच्या जुन्या गेममध्ये, म्हणजे टीम फोर्ट्रेस २ किंवा सीएस:गोमध्ये, हे गेमच्या आतच आहे. कन्सोलमध्ये होस्ट-फ्रेमरेट ६० करायचं, मग स्टार्ट-मूव्ही आणि फाइलचं नाव, क्लिप संपली की एंड-मूव्ही. नंतर होस्ट-फ्रेमरेट परत शून्य करायला विसरू नका, नाहीतर गेम विचित्र वेगात पळत राहतो. हातात येतो टीजीए चित्रांचा ढीग आणि आवाजाची वेगळी वेव्ह फाइल.

ढीग म्हणजे किती ते बघा. १०८० च्या एका फ्रेममध्ये १९२० गुणिले १०८० पिक्सेल, प्रत्येकाला ३ बाइट, म्हणजे साधारण ६.२ एमबी. ६० एफपीएसला एका सेकंदाचे ३७० एमबीच्या वर. मोशन ब्लरसाठी ३०० एफपीएसला रेंडर करायचं ठरवलं तर दहा सेकंदांची क्लिप साडेअठरा जीबीच्या पुढे जाते. मी पहिल्यांदा केलं तेव्हा सी ड्राइव्ह भरून विंडोजच बसलं. तेव्हा मोकळी डिस्क हाताशी ठेवा, आणि शक्य असेल तर चित्रांऐवजी थेट व्हिडिओ लिहिणारी पद्धत वापरा.

ती पद्धत म्हणजे एचएलएई, पूर्ण नाव हाफ-लाइफ अ‍ॅडव्हान्स्ड इफेक्ट्स. फुकट, ओपन सोर्स, काउंटर-स्ट्राइकच्या मूव्ही करणाऱ्यांचं वर्षानुवर्षांचं हत्यार. यात एफएफएमपेग (व्हिडिओ फाइल बनवणारं फुकट सॉफ्टवेअर) जोडलं की फ्रेम सरळ व्हिडिओत जातात. कॅमेऱ्याचा मार्ग आखता येतो: एका जागी खूण, दुसऱ्या जागी खूण, मधून कॅमेरा वळणदार सरकतो. दिसणारा मोशन ब्लर हवा असेल तर ३०० किंवा ६०० ला रेंडर करून ६० वर मिसळायचं, पाच किंवा दहा फ्रेमची एक होते, फ्लिक शॉट (झटक्यात नेम वळवून मारलेली गोळी) एकदम सिनेमासारखा दिसतो.

पण हे गेमच्या आत शिरून काम करतं, म्हणून एचएलएईतून उघडलेला गेम फक्त डेमोसाठी. तो इनसिक्युअर मोडमध्येच उघडायचा, आणि त्याच खिडकीतून व्हॅक (स्टीमची चीटर पकडणारी यंत्रणा) लावलेल्या ऑनलाइन सर्व्हरवर जायचा विचारही करू नका, बॅनची जोखीम आहे. रेकॉर्डिंग झालं की गेम पूर्ण बंद, मग स्टीममधून नेहमीसारखा उघडा. मी तर कामाच्या वेळी दुसरं अकाउंट वापरतो, मनाला शांती.

कमांड पाठ करायचा कंटाळा असेल तर सीएस डेमो मॅनेजर बघा, हेही फुकट. डेमोचं फोल्डर दाखवलं की सामन्यांचं विश्लेषण करतं, कुठल्या राउंडमध्ये कोणी किती मारले ते यादीत येतं, आणि निवडलेल्या किलचा व्हिडिओ एचएलएई आणि एफएफएमपेगला कामाला लावून स्वतःच काढून देतं. वीस क्लिप रांगेत लावून जेवायला जा. नवीन माणसाने खरंतर इथूनच सुरुवात करावी, आणि हातात नीट येईपर्यंत एचएलएईच्या खोलात शिरू नये.

एक खोच लक्षात ठेवा. डेमो किती टिकचा आहे त्यावर चित्राची मजल ठरते. सीएस:गोच्या मॅचमेकिंगचे डेमो ३२ टिकचे असायचे, त्यामुळे खेळाडूच्या स्वतःच्या नजरेतून बघताना क्रॉसहेअर (नेमाची खूण) डोक्यावर नसतानाही हेडशॉट लागलेला दिसतो, आणि बघणारे चीटर म्हणायला मोकळे. तिथे कुठलंही सॉफ्टवेअर काही करू शकत नाही. खेळतानाच कन्सोलमधून रेकॉर्ड कमांडने स्वतःच्या नजरेचा डेमो घेतला असेल तर तो वापरा, नसेल तर बाहेरचा कॅमेरा लावा.

पायरी ५: दहा सेकंदांची परीक्षा

सॉफ्टवेअर ठरवायच्या आधी एकच दहा सेकंदांचा तुकडा निवडा, आणि तो मुद्दाम वाईट निवडा. स्मोक, फ्लॅश, जोरात फ्लिक, पाऊस किंवा पानं हलणारा कोपरा, सगळं एकात. मोकळ्या आकाशाखाली उभ्या माणसाचा व्हिडिओ कुठलंही सॉफ्टवेअर छान काढतं. तोच तुकडा जी दोन-तीन सॉफ्टवेअर डोक्यात आहेत त्यांतून काढा आणि व्हीएलसीमध्ये उघडून ई दाबत दाबत एकेक फ्रेम बघा. सलग दोन फ्रेम सारख्याच दिसल्या म्हणजे मधली गळली. काळा भाग राखाडी वाटतोय तर कलर रेंज चुकलीय, ओबीएसमध्ये लिमिटेड आणि रेक ७०९ ठेवा. शेवटच्या गोळीचा आवाज आणि चमक एकत्र येतात का बघा. आणि मग तीच फाइल तुमच्या एडिटरमध्ये टाका, कारण काही रेकॉर्डर फ्रेमरेट बदलता ठेवतात आणि एडिटरमध्ये गेल्यावर आवाज हळूहळू मागे पडत जातो. तसं झालं तर हँडब्रेकमधून कॉन्स्टंट फ्रेमरेट करून घ्या, किंवा सरळ दुसरं सॉफ्टवेअर घ्या.

रेकॉर्डचं बटण दाबायच्या आधी

एचयूडी बंद, फक्त किलच्या पाट्या चालू, एक्स-रे (भिंतीआडचे खेळाडू दाखवणारा पर्याय) बंद, मेनूचं म्युझिक शून्य. चॅट आणि बाकीच्यांची नावं झाका, कुणाच्या शिव्या आपल्या व्हिडिओत कशाला. प्रत्येक क्लिपच्या आधी तीन आणि नंतर तीन सेकंद जास्त घ्या. एडिटिंगला बसलात की हे तीन सेकंद सोन्याच्या भावाने लागतात, आणि तोवर डेमो मेलेला असू शकतो.

एडिटर म्हणून डाविंची रिझॉल्व्हचं फुकट व्हर्जन पुरेसं आहे, पीसी फारच जुना असेल तर शॉटकट किंवा केडेनलाइव्ह. एक्सपोर्ट करताना यूट्यूब १०८० च्या ६० एफपीएसला १२ एमबीपीएस आणि १४४० ला २४ एमबीपीएस सुचवतं, मी त्याच्या दुप्पट देतो, कारण चढवल्यावर ते परत दाबणारच असतात. १०८० चं फुटेज असलं तरी १४४० ला मोठं करून चढवतो, गवत आणि स्मोक बरे दिसतात. गाणं टाकत असाल तर आधी क्लिप अनलिस्टेड (फक्त लिंक असलेल्यांना दिसेल अशी) चढवून कॉपीराइटचा क्लेम येतो का बघून घ्या. चढवल्यावर सुरुवातीचा काही वेळ व्हिडिओ धूसर दिसतो, मोठं रिझोल्युशन मागाहून तयार होतं, तेव्हा घाबरून डिलीट करू नका, आणि ते तयार होऊन स्वतः एकदा पूर्ण बघितल्याशिवाय कच्चं फुटेज आणि डेमोही उडवू नका.